सदऱ्याचा भाव कोण ठरवतो?

(एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २)

अर्थशास्त्राच्या पुस्तकात दारिद्र्याची व्याख्या चार ओळींत संपते. त्यानंतर 'दारिद्र्याची कारणे' येतात : लोकसंख्यावाढ, निरक्षरता, व्यसनाधीनता, भांडवलाचा अभाव, नैसर्गिक आपत्ती. ही यादी आपण सर्वांनीच कधी ना कधी पाठ केली आहे. तिच्यातले एखादे कारण खोटे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु यादी वाचताना एक गोष्ट सतत खटकते. ही सारी कारणे गरिबाच्या घरातली नाहीतर आभाळातली आहेत. त्याच्या मालाचा भाव ठरवणारा बाजार, त्याला बियाणे विकणारा, त्याचा माल विकत घेणारा, यांपैकी कोणीही त्या यादीत नाही.

यंदा आपल्या महाविद्यालयातील वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'गरिबीला गरीबच जबाबदार आहेत'. अनुकूल बाजूने बोलणाऱ्या एका मित्राने उत्तम भाषण केले आणि बक्षीसही मिळवले. त्याचा मुख्य मुद्दा असा की, जो कष्ट करतो तो वर येतो, आणि जो वर येत नाही त्याच्या कष्टांत किंवा नियोजनात काहीतरी कमी असते. सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत कापूस पिकवणाऱ्यांची आणि कापूस वेचणाऱ्यांची मुले बरीच होती. या लेखाचे निमित्त तेवढेच. त्या मित्राला उत्तर द्यावे असे मला वाटते. पण त्यासाठी मी मोठमोठे सिद्धान्त घेणार नाही. आपण सारे जो अंगात घालतो तो एक सुती सदरा घेते आणि त्याचा हिशेब मांडते.

बाजारात बऱ्यापैकी नाव असलेला सुती सदरा आज बाराशे रुपयांना मिळतो. त्याला कातणी-विणणीतली घट धरून साधारण ३०० ग्रॅम रुई लागते असे समजू. शंभर किलो कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते. उरलेली बहुतेक सरकी. म्हणजे त्या एका सदऱ्यासाठी शेतातून जवळजवळ ८८० ग्रॅम कापूस वेचावा लागतो. २०२५-२६ च्या हंगामात आमच्या घरचा कापूस क्विंटलला ६,९०० रुपयांनी गेला. त्या भावाने ८८० ग्रॅमचे झाले ६१ रुपये. यातच सरकीची किंमतही आली. तिचे पुढे तेल निघते, ढेप निघते आणि ती वेगळी विकली जाते. वेचणीचा दर आमच्या गावात किलोला दहा रुपये होता. म्हणजे बाराशेच्या सदऱ्यात शेतकऱ्याला मिळाले ६१ रुपये, आणि त्या ६१ मधून वेचणाऱ्या बाईच्या हाती पडले सुमारे नऊ. शंभर रुपयांच्या मागे शेतकऱ्याचे पाच आणि त्या पाचांत वेचणारीचा पाऊण रुपया.

कोणी म्हणेल, कापूस म्हणजे सदरा नव्हे. हे अगदी खरे आहे. कापसाची सरकी काढावी लागते, गाठी बांधाव्या लागतात, सूत काततात, कापड विणतात, रंगवतात, कापतात, शिवतात, वाहून नेतात. दुकानाचे भाडे आहे, विजेचे बिल आहे, कर आहेत. या प्रत्येक कामात माणसे राबतात आणि त्यांनाही पोट आहे. बाराशेतले अकराशे कोणीतरी लुटले असे मी म्हणत नाही. मात्र या सर्व साखळीत पावसाची, बोंडअळीची आणि कोसळत्या भावाची जोखीम पूर्णपणे अंगावर घेणारा एकच आहे, आणि तो सर्वांत शेवटच्या टोकाला उभा आहे. उलट दुसऱ्या टोकाला असणाऱ्या मोठ्या नावाच्या कित्येक कंपन्यांची स्वतःची शेती नसते, गिरणी नसते, शिवणयंत्रही नसते. त्यांच्याजवळ नाव असते, आणि त्या नावाचा वाटा सर्वांच्या आधी बाजूला काढला जातो. मग कष्टावर मोबदला ठरतो हे आपण कशावरून म्हणायचे?

कष्टांचाच हिशेब करायचा तर तोही करू. चांगल्या भरातल्या पऱ्हाटीत जाणती बाई दिवसाला चाळीस किलो कापूस वेचते. एका बोंडातून सरासरी चार ग्रॅम कापूस निघतो असे धरले तर चाळीस किलोंना दहा हजार बोंडे होतात. दहा हजार वेळा हात पुढे करायचा, वाळलेल्या बोंडाच्या काट्यांतून बोटांनी कापूस ओढायचा, काडीकचरा येऊ द्यायचा नाही, आणि कमरेला बांधलेली ओटी भरली की ती बांधावर नेऊन रिकामी करायची. याचे मिळतात चारशे रुपये. तेही पहिल्या-दुसऱ्या वेच्यालाच. शेवटच्या वेच्याला बोंडे विरळ होतात, दिवसभरात पंधरा किलो जमले तरी पुष्कळ. कष्टाने माणूस वर येत असता तर विदर्भातल्या वेचणाऱ्या बायका केव्हाच वर येऊन बसल्या असत्या.

आता शेतकऱ्याचा हिशेब. आमची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. गेल्या हंगामात पंधरा क्विंटल कापूस झाला. त्याचे आले १,०३,५०० रुपये. वडिलांच्या वहीवरून मी खर्च उतरवून घेतला. बियाण्याची सहा पाकिटे ५,४०६ रुपये, खते १५,०००, फवारणी १०,०००, नांगरणी-डवरणीचे भाडे १२,०००, निंदणाची मजुरी १२,०००, बाहेरच्या मजुरांची वेचणी १०,०००, गाडीभाडे २,५००. एकूण ६६,९०६. शिल्लक राहिले साडेछत्तीस हजार, म्हणजे महिन्याला तीन हजार पन्नास. यात आईने आणि मी स्वतःच्या शेतात वेचलेल्या पाच क्विंटलांची मजुरी धरलेली नाही, आईचे निंदण धरलेले नाही आणि वडिलांचे वर्षही धरलेले नाही. व्यसन नाही, आळस नाही, वहीत पैसा-पैशाचा हिशेब आहे. नियोजन आणखी कसे करायचे असते, ते वादविवादाच्या व्यासपीठावरून कोणीतरी सांगायला हवे होते.

वहीतल्या पहिल्याच रकमेपाशी क्षणभर थांबण्यासारखे आहे. बीटी कापसाच्या बियाण्याचे पाकीट ४७५ ग्रॅमचे असते. २०२५ च्या खरिपासाठी सरकारने त्याची कमाल किंमत ठरवली होती ९०१ रुपये. किलोला जवळपास एकोणीसशे रुपये. हे बियाणे म्हणजे शेवटी सरकीच. तीच सरकी आम्ही कापसासकट किलोला एकोणसत्तर रुपयांनी विकतो. आमचे आजोबा घरच्या कापसातली चांगली सरकी निवडून, शेणमातीत चोळून पुढच्या वर्षी पेरत. संकरित वाणाची सरकी तशी ठेवता येत नाही, म्हणून दर जूनमध्ये कृषी केंद्राच्या दारात उभे राहावे लागते. बीटी वाण भारतात २००२ साली अधिकृतपणे आले आणि पहिली काही वर्षे बोंडअळीचा त्रास खरोखर कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. पण गुलाबी बोंडअळी त्याला जुमानेनाशी झाली. २०१७ साली तिने विदर्भात हाहाकार केला आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. बियाण्याचा खर्च राहिलाच आणि फवारणीचा खर्चही परत आला.

हे सारे पाहून मी एकदा आईला विचारले होते की आपला भाव आपण का सांगत नाही. ती सहज म्हणाली, "आपल्याले भाव कोन इचारते बाई? दुकानात गेलं तं ते सांगतेत, अन् इकाले गेलं तरी तेच सांगतेत." आईला शाळेची चौथी पाहता आली नाही. पण मला वाटते, दारिद्र्याची याहून नेमकी व्याख्या आमच्या पुस्तकात नाही. घेताना आणि विकताना, दोन्ही वेळा ज्याला दुसऱ्याने ठरवलेला भाव मान्य करावा लागतो तो गरीब.

मग भाव ठरवतो कोण? गावातला व्यापारी? तो तर फोन पाहून भाव सांगतो. त्याच्या फोनवर भाव येतो मोठ्या बाजारातून, आणि मोठ्या बाजाराचे डोळे न्यूयॉर्कच्या वायदे बाजाराकडे असतात. ही गोष्ट आजची नाही. आपल्या वऱ्हाडाचा कापूस दीडशेहून अधिक वर्षे सातासमुद्रापलीकडच्या घडामोडींनी वर-खाली होत आला आहे. १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव गगनाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला. शेअर बाजारातील बडे प्रस्थ प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा हे त्याच काळाचे स्मारक. युद्ध संपताच १८६५ साली भाव कोसळले आणि मुंबईतल्या कंपन्या आणि बँका बुडाल्या. खेड्यात मात्र तेजीच्या दिवसांत वाढलेले कर्ज आणि पुढे वाढलेला सारा तसाच राहिला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावापासून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, त्यामागे जी कारणे होती त्यांत हे एक होते. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो त्यानंतर आठ वर्षांनी, १८८३ साली.

कापूस बंदरावर लवकर पोहोचावा म्हणून आगगाड्या आल्या. १८७० साली खामगावची शाखा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुली झाली. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी अरुंद रुळांची 'शकुंतला'ही कापसासाठीच टाकलेली. अलीकडे ती बंद पडली. हे रूळ कापसाच्या गाठींना बाहेर नेत राहिले, आणि बाहेरचे कापड, बाहेरचा भाव आमच्या गावात आणत राहिले.

स्वातंत्र्यानंतर हे बदलण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. महाराष्ट्रात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. सारा कापूस सरकारने घ्यायचा आणि हमी द्यायची, ही कल्पना मोठी होती. पुढे तिच्यात तोटा साचला, चुकारे रखडले, ग्रेडच्या नावाखाली काय काय चालले त्याच्या गोष्टी जुनी माणसे अजून सांगतात. २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाराला दार उघडले गेले. योजना वाईट चालली म्हणून शेतकऱ्याला आधाराची गरज संपली असा अर्थ मात्र त्यातून काढला गेला, तो चुकीचा होता.

कारण ज्या देशांनी आम्हांला खुल्या बाजाराचे धडे दिले त्यांनी स्वतःच्या कापूस उत्पादकाला कधीच उघड्यावर टाकले नाही. अमेरिकेने आपल्या कापूस उत्पादकांना दिलेल्या अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. २००५ साली अपिलातही निकाल अमेरिकेच्या विरुद्ध गेला. त्यानंतर अमेरिकेने काय केले? अनुदाने सोडली नाहीत. २०१० साली ब्राझीलबरोबर असा करार केला की वाद मिटेपर्यंत दरवर्षी १४ कोटी ७३ लाख डॉलर ब्राझीलला द्यायचे. २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन तक्रार कायमची मिटवली. आपल्या शेतकऱ्याचे अनुदान चालू ठेवण्यासाठी दुसऱ्या देशाला पैसे मोजण्याची ऐपत ज्याच्याजवळ आहे, त्याचा आणि आमचा बाजार एकच आहे असे म्हणतात. ब्राझीलजवळ निदान खटला लढण्याची ताकद होती. बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या आफ्रिकेतील चार गरीब देशांनी २००३ साली हाच प्रश्न मांडला. कापूस हाच त्यांचा आधार. त्यांना कोणी वर्षाला चौदा कोटी डॉलर देऊ केले नाहीत. मालीच्या एखाद्या खेड्यात माझ्या वयाची मुलगी कापूस वेचत असेल. तिची भाषा मला येणार नाही, पण तिच्या आईचे उत्तर माझ्या आईसारखेच असेल असे वाटते.

हा सारा दूरचा इतिहास वाटत असेल तर अगदी अलीकडची गोष्ट घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातकर लावला. तिरुपूरसारख्या ठिकाणच्या कपडे-उद्योगाला धक्का बसला. कापड-उद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून भारत सरकारने परदेशी कापसावरचा ११ टक्के आयातकर त्याच महिन्यात उठवला आणि ही सूट पुढे डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत वाढवली. कारखान्यातल्या कामगाराचे काम टिकावे हा हेतू मी वाईट म्हणणार नाही. पण ही सवलत देशातला नवा कापूस बाजारात येण्याच्या ऐन महिन्यांत पडली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८,११० रुपये. खुल्या बाजारात पुष्कळ ठिकाणी त्याच्या खाली खरेदी चालली होती. वॉशिंग्टनमध्ये एक निर्णय झाला, दिल्लीत दुसरा झाला, आणि दोन्हींचे ओझे यवतमाळ-वर्ध्याच्या काट्यावर येऊन बसले.

"मग हमीभावाने का नाही विकला?" असा प्रश्न शहरातल्या मैत्रिणी विचारतात. त्यासाठी आधी नोंदणी करायची, सातबाऱ्यावर पीकपेरा असावा लागतो, आणि कापसातला ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. आठच्या वर गेला की भाव कापतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात भिजलेली बोंडे बारा टक्के कशी आणायची? शिवाय आमच्या भागातले केंद्र सुरू झाले तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. कृषी केंद्राची उधारी आणि मजुरांचे पैसे दिवाळीच्या आत द्यावे लागतात. म्हणून खेडा खरेदीच्या गाडीत कापूस टाकावा लागला. ८,११० आणि ६,९०० यांतला फरक पंधरा क्विंटलांवर १८,१५० रुपये होतो. त्या रकमेत धाकट्या भावाची बारावी निघाली असती. थांबण्याची ऐपत नसणे ही सर्वांत महाग गोष्ट आहे. ज्याच्या घरी पगार येतो तो कापूस मार्चपर्यंत ठेवू शकतो. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. तो भाव मिळाला त्यांना, ज्यांच्या घरात तोपर्यंत कापूस शिल्लक होता.

हमीभावातही एक गोम आहे. तो साऱ्या देशाच्या सरासरी खर्चावर ठरतो. चीनमध्ये हेक्टरी सुमारे २,००० किलो रुई होते, भारतात साडेचारशे किलोंच्या आसपास, आणि महाराष्ट्रात त्याहूनही कमी, कारण आपला बहुतेक कापूस पावसावर आहे. ज्या जमिनीत पीक कमी त्या जमिनीत क्विंटलमागे खर्च जास्त. म्हणजे हमीभाव सर्वांना सारखा असला तरी तो ज्याला सर्वाधिक हवा त्यालाच सर्वांत कमी पुरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला, त्यात त्यांनी जमिनीच्या तुकड्याच्या आकारापेक्षा भांडवल आणि शेतीवरचा माणसांचा भार यांकडे लक्ष वेधले आणि उद्योगवाढीचा मार्ग सुचवला. शंभर वर्षे उलटली, आणि आमचे तालुके अजून त्याच भाराखाली आहेत.

येथपर्यंत वाचून एखादा शेतकरीपुत्र म्हणेल, शाबास, आपलीच बाजू मांडली. पण मला त्यालाही एक गोष्ट विचारायची आहे. माझी आई आमच्या शेतातली वेचणी उरकली की दुसऱ्यांच्या शेतात वेचायला जाते. वेचणीचा दर एका रुपयाने वाढला की आई खूश होते आणि वडिलांच्या कपाळाला आठी पडते. शेतकरी आणि मजूर आमच्या घरी एकाच चुलीवर जेवतात, म्हणून हे भांडण मला दोन्ही बाजूंनी ऐकू येते. कापसाच्या भावासाठी रास्ता रोको होतो, त्यात मीही उभी राहीन. पण वेचणीच्या दरासाठी रास्ता रोको झालेला मी आजवर पाहिलेला नाही. २०२२ साली भाव दहा हजारांवर गेला तेव्हा वेचणीचा दर त्या प्रमाणात वाढला का? आमच्या गावात तरी नाही. सातबाऱ्यावर नाव वडिलांचे, 'शेतकरी' म्हणून सभेला बोलावणे वडिलांना. आई निंदते, खत टाकते, वेचते, आणि जनगणनेच्या माणसाला सांगते की मी घरीच असते. ज्या भूमिहीन बायांच्या नावाने कसलाच तुकडा नाही त्यांची जात आणि त्यांची वस्ती कोणती, हे गावात कोणाला विचारावे लागत नाही. न्यूयॉर्कचा बाजार आमच्यावर अन्याय करतो, हे सांगताना आमच्या बांधावरचा अन्याय आम्ही झाकून ठेवणार असू, तर आमच्या बोलण्यात जोर कोठून येणार?

सदऱ्याच्या दुसऱ्या टोकालाही अशाच बाया आहेत. बांगलादेशात ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा नावाची इमारत होती. तीत कपडे शिवण्याचे अनेक कारखाने होते. भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशी दिसले होते. तरीही २४ एप्रिल २०१३ रोजी कामगारांना आत बोलावले गेले, इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे मेली. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. त्या शिवत असलेले कपडे युरोप-अमेरिकेच्या दुकानांत जाणार होते. तेथील कपडे-कामगारांचे किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून महिन्याला १२,५०० टाका झाले, आणि तेवढ्यासाठीसुद्धा त्यांना रस्त्यावर यावे लागले. कापूस वेचणारी, सूत काढणारी, सदरा शिवणारी, या तिघी एकमेकींना कधी भेटत नाहीत. भेटल्या असत्या तर बाराशेच्या सदऱ्यात तिघींचे मिळून किती, हा हिशेब त्यांनी पाच मिनिटांत केला असता.

जगाचा आकडा सांगायचा तर, २०२२ च्या जागतिक विषमता अहवालानुसार जगातील वरच्या दहा टक्के लोकांजवळ एकूण संपत्तीपैकी ७६ टक्के संपत्ती आहे आणि खालच्या निम्म्या लोकांजवळ अवघी २ टक्के. त्याच अहवालात भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नातील ५७ टक्के वाटा वरच्या दहा टक्क्यांचा आणि १३ टक्के खालच्या निम्म्या लोकांचा आहे. जगातले निम्मे लोक आळशी आहेत असे ज्याला म्हणायचे असेल त्याने खुशाल म्हणावे. मला ते पटत नाही.

मित्रहो, नुसती तक्रार करून लेख संपवणे मला बरोबर वाटत नाही. सरकारी खरेदी दिवाळीच्या आधी सुरू झाली पाहिजे आणि ओल्या वर्षी ओलाव्याच्या अटीचा फेरविचार झाला पाहिजे. लहान शेतकऱ्याला कापूस ठेवायला गावाजवळ गोदाम आणि त्या कापसावर उचल मिळाली तर थांबण्याची ऐपत येईल. हमीभावाबरोबर वेचणीचा किमान दरही जाहीर व्हावा आणि तो पाळला जातो की नाही हे ग्रामसभेने पाहावे. आपल्या भागात कापूस पिकतो तर सूत आणि कापडही आपल्याच भागात व्हावे, म्हणजे शेतावर अवलंबून असलेल्या चार घरांतली दोन तरी दुसऱ्या कामाला लागतील.

आणि आपण विद्यार्थ्यांनी? आपल्या वर्गात निम्म्याहून अधिक मुले कापसाच्या गावांतून येतात. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी आपण पुस्तकातून उतरवून काढतो. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या घरच्या वहीतला एका वर्षाचा हिशेब आणावा, वेचणाऱ्या बायांची मजुरी त्यात लिहावी, आणि दहा गावांचे दहा हिशेब एकत्र मांडावेत. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ही वही दरवर्षी वाढत गेली तर पाच-सात वर्षांनी आपल्या तालुक्याबद्दल बोलताना कोणाला अंदाजाने बोलावे लागणार नाही. हे काम करण्यासाठी पैसा लागत नाही आणि आपल्यावाचून दुसरे कोणी ते करणारही नाही.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिली. लोक म्हणतात, शिकलीस म्हणजे यातून सुटलीस. सुटण्यासाठीच शिकायचे असेल तर मागे राहिलेल्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. प्रत्येक गावातून एकेक मुलगी सुटली म्हणून कापसाचा भाव वाढत नाही. जे शिकले त्यांनी तरी भाव कोण ठरवतो हे विचारले पाहिजे, मोठ्याने आणि पुन्हा पुन्हा. पुढच्या वर्षी वादविवाद स्पर्धेचा विषय ठरवताना माझी एक सूचना आहे : 'गरिबीला गरीबच जबाबदार आहेत का?' हे पुष्कळ झाले. या वेळी विषय ठेवा, 'श्रीमंतीला कोण जबाबदार आहे?' अनुकूल आणि प्रतिकूल, दोन्ही बाजूंना तयारी करावी लागेल.